दाखला कोणी आणायचा? ऊसतोडीच्या हंगामातील एका शाळाप्रवेशाचे प्रकरण

जत तालुक्याच्या पूर्व भागातली दहा वर्षांची मुलगी. घरी कन्नड बोलतात. गावातल्या जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळेत तिचे नाव चौथीच्या पटावर आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई-वडील अकरा कोयत्यांच्या (कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) टोळीबरोबर वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी ऊसतोडीला आले. ती आणि साडेतीन वर्षांचा भाऊ बरोबर आले, कारण गावाकडे त्यांना सांभाळायला कोणी नव्हते. मुलगी शाळेत बसली ती टोळी आल्यापासून एकोणिसाव्या दिवशी. हे एकोणीस दिवस कशात गेले आणि त्यातले किती वाचवता आले असते, हा या प्रकरणाचा विषय.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. इथे एका मुलीच्या बाबतीत जे मांडले आहे ते दर हंगामात अनेक मुलांच्या वाट्याला तुकड्यातुकड्याने येते. म्हणून गाव, शाळा, कारखाना आणि माणसे निनावी आहेत, आणि दिवस व हजेरीचे आकडे या मांडणीपुरते आहेत. कायदे, कलमे आणि निकाल मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. जिथून ती आली ती शाळा आणि जिथे तिला जायचे होते ती शाळा, दोन्ही सांगली जिल्हा परिषदेच्या. दोन्ही मुख्याध्यापकांचे वरिष्ठ कार्यालय एकच. तरीही एका शाळेचा कागद दुसऱ्या शाळेत पोहोचवण्याचे काम पहाटे चारला फडात, म्हणजे तोड चाललेल्या उसाच्या रानात, जाणाऱ्या आईवर टाकले गेले.

सर्वेक्षणात ती सापडली का नाही

शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले होते. शिक्षक सकाळी दहाच्या सुमारास कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, गेले तेव्हा तिथे दोन म्हाताऱ्या आणि बांधलेली कुत्री होती. मोठी माणसे फडात, पोरे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला. यादीत 'निरंक' लिहिले गेले. ऊसतोडीच्या वस्तीवर माणसे भेटतात ती संध्याकाळी सहानंतर, नाहीतर तोड बंद असते त्या दिवशी. कोणती टोळी कुठल्या फडात आहे, पुढच्या आठवड्यात कुठे जाणार, हे कारखान्याच्या शेती खात्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याला, अचूक ठाऊक असते. शाळेने त्याचा मोबाइल नंबर घेऊन ठेवला तर अर्धे सर्वेक्षण तिथेच होते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ९ स्थानिक प्राधिकरणावर दोन कामे स्पष्टपणे टाकते: हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश निश्चित करणे. म्हणजे मूल शोधणे हे शाळेचे आणि जिल्हा परिषदेचे काम आहे. पालक आले नाहीत म्हणून ते संपत नाही.

इथे मात्र आईच आली. चौथ्या दिवशी, एक खेप बुडवून.

टेबलावरची चार कागदांची यादी

"दाखल्याबिगर नाव घालता येत न्हाई बघा, मावशी," मुख्याध्यापक म्हणाले. रागाने नव्हे, नेहमीच्या सवयीने. मागितले ते असे: शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि रहिवासी पुरावा. "दाखला गावाकडं हाय. आता शिमग्यापातूर कसं जाणार आमी?" एवढे बोलून आई परत गेली. जायचे म्हटले तर जत भागात जाऊन यायला दोन दिवस, दोन दिवसांची तोड बुडणार, आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटेपर्यंत टोळीचा मुकादम सोडणार नाही. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

कायद्याच्या दृष्टीने यातला एकही कागद प्रवेश अडवू शकत नव्हता. प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या जागी आहे, म्हणून एकेक बघू.

शाळा सोडल्याचा दाखला. कलम ५ सांगते की कोणत्याही कारणाने मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावे लागले, राज्यात किंवा राज्याबाहेर, तर शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा त्याला हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा. तो यायला उशीर झाला, हे नव्या शाळेला प्रवेश लांबवण्याचे किंवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. दाखला देण्यात दिरंगाई करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. या कलमात पालकाने दाखला आणावा असे कुठेही म्हटलेले नाही.

जन्माचा दाखला. कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीतील नोंद, दवाखान्यातील किंवा आरोग्यसेविकेकडची नोंद, आणि काहीच नसेल तर पालकाचे वयाबाबतचे घोषणापत्र चालते. साधा कागद, आईचा अंगठा, दोन ओळी.

आधार. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शालेय प्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, आधार कायद्यातली 'सेवा' किंवा 'अनुदान' नव्हे. आधार नाही म्हणून मुलाला कोणत्याही योजनेचा लाभ नाकारू नये, असेही त्याच निकालात आहे. ऑनलाइन नोंदीत आधारचा रकाना असतो, म्हणून शिक्षकांना ते प्रवेशाची अट वाटते. रकाना नंतर भरता येतो. मूल आज वर्गात बसवायचे.

रहिवासी पुरावा. पालाचा किंवा कोपीचा पत्ता कुठल्या कागदावर असणार? इथे तो मागण्याचा प्रश्नच नाही. मूल हद्दीत राहते एवढे पुरे.

'वर्ष अर्धे झाले' ही पाचवी हरकत. ती तोंडी येते, कागदावर कधीच येत नाही. कलम १५ तिला उत्तर देते: मुदत संपल्यानंतर आले तरी मुलाला प्रवेश नाकारायचा नाही.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता. आपण नाव घालून घेतो म्हणजे उपकार करतो, ही समजूत फार जुनी आहे आणि ती कायद्यातूनच आलेली आहे. राज्यघटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे होते, पण ते मार्गदर्शक तत्त्व; त्यासाठी कोर्टात जाता येत नव्हते. १९९२ मध्ये मोहिनी जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाचा हक्क कलम २१ मधील जगण्याच्या हक्कातून काढला. वाद होता कर्नाटकातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कॅपिटेशन फीचा. पुढच्याच वर्षी, १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने त्याला नेमकी चौकट दिली: चौदा वर्षांपर्यंत हा हक्क पूर्ण, त्यानंतर राज्याच्या आर्थिक कुवतीनुसार. त्या चौकटीवरून २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आणि कलम २१-क आले, मग २००९ चा कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. वैद्यकीय प्रवेशाच्या भांडणातून निघालेले हे सूत्र वाळव्यातल्या कोपीपर्यंत पोहोचते ते कलम ५, ९, १४ आणि १५ यांच्या रूपाने. ज्या टेबलावर प्रवेश होतो तिथे हे चार आकडे ठाऊक असले म्हणजे झाले.

कोंडी कशी फुटली

अकराव्या दिवशी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, शाळाभेटीला आले. टोळीत पहिली ते पाचवीच्या वयाची नऊ मुले आहेत आणि एकही शाळेत नाही, हे त्यांना गावच्या अंगणवाडी सेविकेने सांगितले. पुढचे काम फोनवर झाले. मुलीच्या मूळ शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर जतच्या पंचायत समितीतून मिळाला. त्यांची अडचण वेगळी होती: दाखला काढला तर पट कमी होतो, आणि शिमग्यानंतर पोरगी परत आली की पुन्हा नाव घालायचे. या भीतीवर शिक्षण हमी पत्रक हा उपाय आधीपासून आहे. मुलाचे नाव मूळ शाळेच्या पटावरच राहते. पत्रकावर इयत्ता, माध्यम, कोणत्या विषयात कुठवर आले आहे आणि पालक कुठे जात आहेत हे लिहून ते मुलाबरोबर पाठवायचे. जिथे जाईल तिथली शाळा त्या पत्रकावर मुलाला बसवून घेते, हजेरी मांडते आणि परतताना मजकूर भरून देते.

पत्रक ऑक्टोबरमध्ये, गाडी निघण्याआधी, पालकाच्या हातात पडायला हवे होते. पडले नाही, कारण टोळी रात्री निघाली आणि शाळेला ते चार दिवसांनी हजेरीवरून कळले. मुकादमाची गाडी गावात येण्याचा आठवडा सगळ्या गावाला माहीत असतो. त्या आठवड्यात पत्रके आगाऊ भरून ठेवली, तर उरते ती फक्त तारीख टाकायची. या प्रकरणातला सर्वात स्वस्त उपाय हाच होता, आणि तोच राहिला.

पंधराव्या दिवशी भरलेल्या पत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. त्यावर आणखी चार दिवस गेले, कारण 'मूळ प्रत येऊ द्या' असे ठरले. ही थांबण्याची गरज नव्हती. फोटोची छापील प्रत, केंद्रप्रमुखांची सही आणि त्याच दिवशी हजेरीपटावर नाव, एवढे पुरते.

तोवर शाळेत विद्यार्थी दिवस साजरा होऊन गेला होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, पहिली इंग्रजीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव रजिस्टरला १९१४ क्रमांकावर लागले. म्हणून राज्यभर शाळा हा दिवस पाळतात. टोळ्या उतरतात तो आठवडाही हाच. भाषणे आणि फोटोला हार यांच्या जोडीने त्या दिवशी मुख्याध्यापकांनी कोप्यांवर जाऊन नावे लिहून आणली, तर दिवसाला शोभेल असे काम होईल.

चौथीत की पहिलीत

मुलगी आल्यावर वर्गाच्या बाईंनी तिला मराठीचे पुस्तक दिले. ती अक्षर अक्षर लावून वाचत होती, जोडाक्षराला अडत होती. "हिला पहिलीत बसवू, पाया पक्का होईल," असा सल्ला लगेच आला. तो चांगल्या मनाने दिलेला आणि बेकायदा सल्ला होता. कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे आणि मागे असेल तिथे विशेष प्रशिक्षण द्यायचे. त्याची मुदत कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे. दहा वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मुलांत बसली की आठवड्याभरात यायची बंद होते. हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना कलमाची गरज नाही.

आणि ती खरोखर मागे होती का? बाईंनी फळ्यावर ४०२ वजा १७८ लिहिले. मुलगी गप्प. मग बाईंनी खडू तिच्या हातात दिला. तिने पुटपुटत, कन्नडमध्ये मोजत, हातचे घेऊन २२४ काढले. फक्त ९ आणि १ लिहिताना देवनागरीत तिची गल्लत होत होती. तिला गणित येत होते, मराठी फळा वाचता येत नव्हता. कायद्याचे कलम २९ म्हणते की शिक्षणाचे माध्यम, शक्य असेल तिथवर, मुलाची मातृभाषा असावे. वाळव्यातल्या त्या शाळेत कन्नड शिक्षक मिळणे शक्य नव्हते. शक्य होते ते असे: तिची स्वतःची बालभारतीची कन्नड पुस्तके गावाहून मागवणे. टोळीतल्या एकाचा भाऊ पुढच्या आठवड्यात येणार होता. त्याच्या पिशवीतून ती आली. गणित आणि परिसर अभ्यास ती त्या पुस्तकांवरून करी आणि मराठीसाठी रोज पाऊण तास वेगळा मिळे. शाळेला तिकडे 'साली' म्हणतात, इकडे 'साळा'. पहिल्या दिवशी वर्ग हसला. बाईंनी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि महिनाभर रोज एक जोडी लिहायची ठरवली. डिसेंबरअखेर वर्गातली मुले 'नीरु' म्हणजे पाणी आणि 'मने' म्हणजे घर म्हणू लागली होती.

धाकटा भाऊ, रस्ता आणि ताट

दाखल्याचा प्रश्न सुटल्यावरही पहिल्या आठवड्यात ती दोनच दिवस आली. कारण भाऊ. आई-वडील पहाटे जातात ते उन्हे कलल्यावर येतात. साडेतीन वर्षांचे पोर कोपीत एकटे कसे ठेवायचे? मुलींच्या गळतीचे हे कारण कुठल्याच प्रवेश अर्जावर येत नाही. इथे वय कामी आले. तीन ते सहा वयाच्या मुलांना अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण आणि गरम आहार मिळतो, आणि १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेवा सर्व मुलांपर्यंत नेण्यास सांगितले आहे. गाव कोणते हा प्रश्न नाही. भावाचे नाव अंगणवाडीत गेले आणि अंगणवाडी सुटल्यावर शाळा सुटेपर्यंत तो बहिणीच्या वर्गात मागे बसू लागला. नियमात न बसणारी ही सोय बाईंनी चालू ठेवली, म्हणून हजेरी टिकली. भाऊ दीड वर्षाचा असता तर हा मार्गही नव्हता: तीन वर्षांखाली अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा मिळतो, सांभाळ मिळत नाही. तिथे पाळणाघरच हवे, आणि फडाजवळ ते क्वचितच असते.

रस्ता १.३ किलोमीटर. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीसाठी ३. तीनशे मीटरचा फरक किरकोळ वाटेल, पण हंगामात त्या रस्त्यावरून दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर सतत जातात आणि साइडपट्टी उसाच्या पाचटाने भरलेली असते. नऊ मुले एकत्र, पुढे-मागे मोठी मुलगी, असे चालत यायचे ठरले. वाहनभत्त्याचा प्रस्ताव गेला, तो हंगाम संपेपर्यंत मंजूर झाला नाही. याच १ किलोमीटरचा उलटा वापरही राज्याने पाहिला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून १ किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली गेली. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. अंतराची अट मुलाच्या सोयीसाठी लिहिलेली आहे, आणि ती त्याच अर्थाने वाचली पाहिजे.

ताटाचा प्रश्न अनपेक्षितपणे उभा राहिला. 'पटावर नाही त्या मुलांना तांदूळ कुठून देऊ?' शाळेची मागणी आधीच्या पटावरून गेलेली. पहिली ते पाचवीला मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ. नऊ मुलांचे ९०० ग्रॅम, म्हणजे महिन्याच्या २४ दिवसांत २१.६ किलो. एवढ्यासाठी मुलांना ताटाविना बसवणे कुठल्याच नियमात नाही. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न बंधनकारक केले, आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी ते हक्काचे झाले. मुख्याध्यापकांनी हजर मुलांची संख्या रोज खरी नोंदवायची, शिल्लक कमी पडली की शेजारच्या शाळेकडून उसनवार घेऊन पुढच्या मागणीत वाढ दाखवायची. संख्या लपवली की तांदूळ खरोखर कमी पडतो.

जानेवारीतली हलवाहलव

तिसऱ्या आठवड्यात टोळी चौदा किलोमीटरवरच्या फडावर गेली. या वेळी मुलगी तीनच दिवस घरी राहिली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी चिटबॉयने बाईंना फोन केला, बाईंनी पत्रकावर पहिल्या शाळेतली हजेरी आणि मराठी वाचनाची पायरी लिहून ते मुलीच्या दप्तरात ठेवले, आणि केंद्रप्रमुखांनी पुढच्या केंद्राला कळवले. नोव्हेंबरात एकोणीस दिवस लागले, जानेवारीत तीन. कायदा दोन्ही वेळा तोच होता. फरक एवढाच की या वेळी कागद शाळेने पाठवला.

शाळा ऐकतच नसेल तर काय? कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, निर्णयाची मुदत तीन महिने. त्यावर अपील महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. पाच महिन्यांच्या हंगामात तीन महिने फार होतात. म्हणून तक्रार लिहायची ती गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, मुलाचे नाव, वय, फडाचे ठिकाण, शाळेत गेल्याची तारीख आणि नेमका कोणता कागद मागितला हे लिहून, कलम ५ आणि १४ चा उल्लेख करून, पोच घ्यायची. 'प्रवेश नाकारल्याचे लेखी द्या' अशी मागणी शाळेकडे केली की बहुतेक वेळा प्रवेश त्याच दिवशी होतो, कारण तसे लेखी देणे कोणालाच परवडत नाही.

३० सप्टेंबरचा पट

न्यायालयांनी आणि कायद्याने दार उघडले, तरी एक फट राहते आणि ती हिशेबात आहे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरते, आणि तो पट ३० सप्टेंबरचा धरतात. ऊसतोडीची मुले येतात नोव्हेंबरमध्ये. म्हणजे वाळव्यातल्या शाळेत नऊ मुले वाढली, शिक्षक तेवढेच राहिले. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कायद्याच्या अनुसूचीत आहे, पण ती मुले मोजलीच गेली नाहीत तर प्रमाण बिघडल्याचे दिसत नाही. पाऊण तासाचे मराठीचे विशेष प्रशिक्षण बाईंनी स्वतःच्या मधल्या सुट्टीतून काढले. दर हंगामात ज्या केंद्रांत टोळ्या उतरतात ती केंद्रे कारखान्याच्या ऊसनोंदीवरून आधीच कळू शकतात. तिथे नोव्हेंबर ते मार्चपुरता एक स्वयंसेवक किंवा कंत्राटी शिक्षक देणे अवघड नाही. ते होईपर्यंत कलम ४ ची सगळी भिस्त एकेका शिक्षिकेच्या मनावर आहे, आणि हे अन्यायाचे आहे, मुलांसाठीही आणि तिच्यासाठीही.

गावात राहून शिकण्याची सोय अधिक बरी, यात शंका नाही. मूळ गावी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे, पण सांभाळणारे माणूस घरी असेल तरच ती चालते. या कुटुंबात आजी वर्षापूर्वी गेली होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टोळी परतली. पत्रकाच्या मागे दोन शाळांच्या नोंदी होत्या: ५८ दिवस हजर, मराठी परिच्छेद वाचन सुरू, गणित वर्गाच्या बरोबरीने. मूळ शाळेने ते ५८ दिवस आपल्या हजेरीत धरून तिला चौथीच्या वार्षिक परीक्षेला बसवले. पत्रकाची एक प्रत शाळेने ठेवली, दुसरी आईला दिली, आणि या वेळी ऑक्टोबरसाठीचे कोरे पत्रकही त्याच पाकिटात घातले.